राखणवहीतली चौतीस नावं

हिवरदरा, ता. पाथर्डी
८ नोव्हेंबर

जया,

तुला आशीर्वाद, आणि थोडे तुझ्या मंत्रालयालाही, कारण यंदा माझं काम त्याच्याकडे आहे.

काल ऊसतोडीची शेवटची टोळी गेली. ट्रॉलीत संसार, संसारावर पोरं, पोरांच्या मांडीवर कोंबड्या. गावात घरं चौऱ्याण्णव. त्यातल्या साठ घरांना आता गुढीपाडव्यापर्यंत कुलूप. किल्ल्या माझ्याकडे, पोस्टातून आणलेल्या जुन्या लाकडी खणांत, नावांच्या चिठ्ठ्या लावून. नोकरी सुटून बारा वर्षं झाली तरी खणांची सवय सुटत नाही. उरलेल्या चौतीस घरांनी ह्या साठ घरांची राखण करायची, ही आमची माझ्या आजोबांच्या आधीपासूनची रीत. राखणवहीत चौतीस नावं आहेत आणि गेल्या वीस वर्षांत एकही कुलूप तुटलेलं नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. बरं, फुशारकी म्हणूनच सांगतो.

आता कामाचं. आमची शेजारीण बायडाबाई तुला आठवते? आता सदुसष्ट वर्षांची आहे. गेल्या फेब्रुवारीत दिवसाढवळ्या अकरा वाजता एक पिकअप गावात शिरली. कारभारीच्या बंद घराच्या पडवीतून दोघे जण पाण्याची मोटर उचलत होते. बायडाबाई गाडीपुढे जाऊन उभी राहिली. एकानं तिला ढकललं, तिचा डावा हात मोडला. तिनं उजव्या हातानं काठी घातली, त्याचं मनगट मोडलं. मोटर टाकून पळाले. आपण समजलो, संपलं. पण त्या बाबानं उलटी तक्रार दिली, की मी भंगार विकत घ्यायला गेलो होतो आणि म्हातारीनं मला मारलं. आता तिच्यावर फौजदारी खटला आहे. दर तारखेला एसटीनं पाथर्डीला जाते. चौकीत साहेबांनी विचारलं होतं, "आजी, घर तुमचं नाही, मोटर तुमची नाही, मग तुम्ही तिथं कोण?" हे 'कोण' कायद्यात कुठं लिहिलेलं असतं का?

पेपरात वाचलं की गावोगाव स्वयंसेवकांचं राखीव पोलीस दल उभारायचा कायदा होणार आहे. तू कायदे लिहिण्याच्याच खात्यात आहेस. त्यात बायडाबाई सुटते का, एवढं सांग. फोन करू नकोस. माझ्या कानाला मोबाईल लावला की समोरचा माणूस पिंपात बसून बोलतोय असं वाटतं.

तुझा
हनुमंतमामा


मुंबई
२० नोव्हेंबर

मामा, नमस्कार.

तुमचं पत्र ऑफिसात उघडलं आणि खुर्चीत बसल्या बसल्या हसूच आलं. तुम्ही ज्या कायद्याबद्दल विचारताय तो ह्या क्षणी माझ्या टेबलावर, माझ्या चहाच्या कपाशेजारी पडलेला आहे. त्याचा मराठी मसुदा मीच करतेय.

लोकांना वाटतं कायदा म्हणजे कुणीतरी मोठा माणूस हात उंच करून सांगतो. इथं आम्ही चौघं जण एका 'किंवा'साठी अडीच तास भांडतो. पण मामा, कंटाळा आला तरी कधी कधी पेन हातात धरवत नाही. आज मी खोडलेलं वाक्य कुणाला कळणारही नाही, आणि ठेवलेलं वाक्य उद्या राज्यातल्या प्रत्येक गावात खरं होऊन बसेल. एवढा अधिकार माझ्यासारखीच्या हातात कुणी दिला, ह्याचं मला पंधरा वर्षांनीही नवल वाटतं.

कायदा थोडक्यात असा. गावातले स्वयंसेवक नाव नोंदवतील. त्यांना ओळखपत्र मिळेल. राखणीच्या वेळी ते कामावर असलेले पोलीसच समजले जातील, आणि प्रामाणिकपणे केलेल्या कामासाठी त्यांच्यावर खटला होणार नाही. सध्याची अट अशी, की वय वीस ते पन्नास आणि आठशे मीटर धावता यायला हवं. पण फाईल अडली आहे. वरचे विचारतात, पगाराशिवाय गाव राखणारी माणसं असतात तरी का? आमच्या सहसचिव मॅडमना एक खरं उदाहरण हवंय. तुमच्या वहीतली चौतीस नावं, वयासकट, मला पाठवाल का?

बायडाबाईचं मी विचारून सांगते.

तुमची
जया


हिवरदरा
४ डिसेंबर

जया,

यादी सोबत आहे. वहीत जशी आहे तशी उतरवली, वयं माझ्या आठवणीनं घातली. पंचवीसचा कल्याण सगळ्यात लहान, सगळ्यात थोर तो अठ्ठेचाळीसचा. अक्षर नीट काढलंय, मॅडमना दाखवायचं म्हणून.

राखणीचं काम सकाळी साडेसहाला सुरू होतं आणि नऊपर्यंत आवरतं. मग दिवसभर आळीआळीत नजर. ह्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही, सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे.

बायडाबाईला म्हटलं, आपली राखण कायद्यात लिहितायत. तिनं हातातली बादली खाली ठेवली. "कोन लिवतंय?" म्हटलं, आपल्या सुमनची जया. मग म्हणाली, "सुमनची जया कायदा लिवती? आन मी तिला ह्या हातानं न्हाऊ घातलंय व्हय." आणि तो वाकडा जुळलेला हात पुढे करून स्वतःच बघत बसली. तिला वाटतंय, तू लिहिलंस की पुढच्या तारखेला जायची गरज नाही. मीही तसंच समजतोय. तू विचारून सांगणार होतीस.

हनुमंतमामा


मुंबई
२७ डिसेंबर

मामा,

तुमच्या यादीनं इथं धमाल केली! चौतीस जण, सगळे तरणेताठे, पगार नाही, गणवेश नाही, आणि वीस वर्षांत एक कुलूप तुटलेलं नाही. मॅडमनी ती यादी टिपणीला जोडली, वर पाठवली आणि फाईल हलली. कुणीतरी म्हणे विचारलं, हे हिवरदरा आहे कुठं?

आता घट्ट बसा. मॅडम स्वतः तिकडे येताहेत, एकोणीस जानेवारीला. मीही आहे बरोबर. लहानपणी गाव सोडलं त्यानंतर लग्नकार्यापुरतीच आले असेन. मॅडमना चौतीसही जणांना भेटायचंय, त्यांची गस्त बघायचीय. जमलं तर आठशे मीटर धावायलाही लावायचंय, म्हणजे अट योग्य आहे की नाही ते कळेल. मी शब्द दिलाय की सगळे हजर असतील. तेवढं बघा.

बायडाबाईलाही भेटेन. तिच्या केसबद्दल समक्ष बोलू.

जया


हिवरदरा
५ जानेवारी (स्पीडपोस्टनं)

जया,

तुझं पत्र वाचून मी पडवीत खालीच बसलो. तू शब्द दिलास, आणि इथं चौतीसांतला एकही जण गावात नाही. सगळे सांगलीकडे कारखान्यावर आहेत.

मी खोटं लिहिलं नाही गं. पण तुला सांगायला हवं ते सांगितलं नाही, कारण ते सांगावं लागतं हेच मला सुचलं नाही. आमच्यात राखणीची पाळी घराची असते, माणसाची नव्हे. वहीत नाव घरधन्याचं. तो गेला ऊसाला, की घरात जे कुणी मागं उरलं असेल त्यानं ती पाळी करायची. आणि मागं कोण उरतं? म्हाताऱ्या आया. कल्याणच्या नावावरची पाळी बायडाबाई करते, तो तिचा मुलगा. कारभारीच्या कुलूपबंद घराची जबाबदारी तिच्या वाट्याला आहे, म्हणून ती त्या पिकअपपुढं उभी राहिली. एकतीस बायका आणि तीन म्हातारे, त्यात पोराच्या जागी मी बहिरा. हे आमचं दल. सगळ्यात धाकटी कडूबाई, अठ्ठावन्न वर्षांची. आठशे मीटर तर सोड, गोजरबाईला देवळाची पायरी चढवत नाही.

आणि गस्त म्हणून घालत नाही कुणी. रोज सकाळी प्रत्येक बंद घराच्या अंगणात शेणाचा सडा पडतो, रांगोळी निघते, चुलीला धूर दिला जातो, दोरीवर धुणं पडतं. बाहेरून आलेल्याला कळताच कामा नये की घर रिकामं आहे. चोर कुलूप बघून येत नाही, वाळलेलं अंगण बघून येतो. एवढीच आमची विद्या. त्या पिकअपवाल्यानं आदल्या दिवशी कारभारीचं अंगण वाळलेलं पाहिलं होतं, कारण बायडाबाईला ताप होता. हे तिनं मनाला फार लावून घेतलंय.

मॅडमना सांग, मामाला न्युमोनिया झाला. काहीही सांग. येऊ नका. ह्या वयात सरकारपुढं खोटा ठरलो तर मला गावात तोंड दाखवता येणार नाही.

हनुमंतमामा


मुंबई
१२ जानेवारी

मामा,

पत्र वाचून आधी तुमच्यावर भयंकर चिडले. घरी येऊन भांडीसुद्धा आपटली. मग दुसऱ्यांदा वाचलं, आणि अंगणावरची ती ओळ वाचताना राग कुठे गेला ते कळलं नाही.

न्युमोनिया वगैरे काही सांगितलं नाही. तुमचं पत्रच मॅडमच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत वाचलं. म्हणाल्या, "मी तीस वर्षं प्रशासनात आहे. रिकामं घर मला ओळखू येतं. बघू तुमच्या म्हाताऱ्या मला कशा फसवतात." दौरा कायम आहे. फक्त किती वाजता पोचू ते सांगणार नाही, अशी त्यांची अट.

आता माझं. तुम्ही एक गोष्ट सांगितली नाहीत, मीही एक सांगितली नाही. पहिल्या पत्रापासून मला उत्तर ठाऊक होतं. नवा कायदा मागे जात नाही, मामा. तो ज्या दिवशी लागू होतो त्या दिवसापासून पुढे. बायडाबाईनं काठी घातली ती गेल्या फेब्रुवारीत. तिची केस ह्या कायद्यानं सुटणार नाही. तुम्ही दोघं इतके आशेनं लिहीत होता की माझा धीर झाला नाही. आम्ही येण्याआधी तिला सांगून ठेवा. माझ्या तोंडून तिनं ते ऐकावं असं मला वाटत नाही. भित्री आहे मी.

जया


मुंबई
२४ जानेवारी

मामा,

तुम्ही तिला सांगितलं नव्हतंत. ती माझ्याकडे ज्या चेहऱ्यानं बघत पुढे आली त्यावरूनच समजलं. रागावले नाही. आपण दोघं एकाच घराण्यातले भित्रे.

त्या सकाळी तुम्ही किल्ल्यांचा जुडगा धरून शेजारी उभे होता आणि सारखी मान हलवत होता. पण ऐकू काही आलं नसणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून सगळं लिहिते. तुमच्याच अंगणात काय बोललं गेलं ते तुम्हाला कळायला हवं.

गाडी फाट्यावर सोडून आम्ही साडेसातला चालत गावात शिरलो. मॅडमनी डायरी काढली. मारुतीच्या आळीत चौदा घरं. प्रत्येकापुढे दोन मिनिटं थांबून त्या खूण करत गेल्या, हे वसतं, हे रिकामं. अंगणं ओली होती. तुळशीला पाणी होतं. एका दोरीवर लहान पोराचं झबलं वाळत होतं, ते बघून त्या म्हणाल्या, "इथं तर बाळ आहे." शेवटी हिशेब सांगितला, तीन घरं रिकामी. तुम्ही किल्ल्या दाखवल्यात. अकरा होती मामा, अकरा. त्यांनी ओळखलेल्या तिनांतही दोन घरांत माणसं होती!

मॅडम रस्त्यातच उभ्या राहिल्या. मग रांगोळ्यांकडे बघत म्हणाल्या, "पण ह्या सगळ्या वेगवेगळ्या कशा? काढणाऱ्या तर दोघी-तिघीच आहेत." आमच्या मागे बायडाबाई शेणाची बादली घेऊन उभी होती. ती म्हणाली, "मॅडमबाई, राहीबाईच्या दारात कासव असतंय. तिच्या सासूपासनं. कारभारीच्या दारात गायीची पावलं. सगळ्या दारात मी माजीच रांगोळी काडली, तर शानं मानूस वळखंल की हितं एकच हात फिरतोय. म्हनून ज्या घरची त्या घरची काडायची. जाताना बाया दाखवून जात्यात." मॅडमनी विचारलं, किती येतात अशा? ती म्हणाली, "माज्याकडं सहा घरं. सहा येत्यात. गोजरबाईला नऊ येत्यात, तिचं डोकं लई."

मी मान वर करून त्या आळीकडे बघितलं. अकरा घरांमधली माणसं शंभर कोसांवर फडात वाकून ऊस तोडत होती, आणि त्यांच्या दारात त्यांच्या सासवांच्या हातची वळणं जिवंत होती. मी आजवर शेकडो कलमं लिहिली असतील. 'संरक्षण' हा शब्द किती वेळा लिहिला असेल. तो असा दिसतो हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं.

मॅडमनी खाली वाकून त्या कासवाला नमस्कार केला. हे तुम्ही पाहिलंत. धावण्याचं नाव कुणी काढलं नाही.

मग मी बायडाबाईला बाजूला घेतलं. तुम्हाला वाटलं असेल आम्ही आईच्या गोष्टी काढतोय. मी तिला सांगितलं, मावशी, कायदा होईल, पण तुझ्या केसला त्याचा उपयोग नाही. तो पुढच्यांसाठी. तिनं मला दोनदा विचारलं, "अजाबात न्हाई?" मी दोनदा नाही म्हटलं. तिनं पदरानं हात पुसले, उगाचच, कोरडेच होते. मग म्हणाली, "माजं ऱ्हाऊ दे मग. पन ह्या बाया लिव त्यात. सगळ्या लिव. धावनारं कुनी न्हाई हितं, आमी उभ्या ऱ्हातो फकस्त. उभं ऱ्हानाऱ्याला कायद्यात जागा हाय का बघ." मी हो म्हटलं. मला दुसरं काय म्हणता येणार होतं?

जया


हिवरदरा
६ फेब्रुवारी

जया,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. माझ्या डोळ्यादेखत एवढं घडलं आणि मला ते मुंबईहून टपालानं कळावं, ह्याची गंमतही वाटली आणि लाजही वाटली. त्या दिवशी मला वाटलं होतं, मॅडम रांगोळीवर पाय पडला म्हणून वाकल्या.

बायडाबाई तुझ्यापुढं धीरानं बोलली, पण तुम्ही गेल्यावर तीन दिवस ती खचलेलीच होती. सडा घालायची, घरी जाऊन पडायची. कडूबाई भाकरी घेऊन गेली तर तशीच परत पाठवली. चौथ्या दिवशी तारीख होती. मी बरोबर गेलो. पुढची तारीख मिळाली. परतीच्या एसटीत मला ओरडून म्हणाली, म्हणजे मला ऐकू यावं म्हणून ओरडून, "भाऊ, तिला लिवा. मी रुसले न्हाई म्हनावं. हात चालव, थांबू नगं." सगळी गाडी आमच्याकडे बघत होती. मी खिडकीकडे तोंड केलं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ह्या वयात एसटीत रडणं बरं दिसत नाही.

आता रोज विचारते, लिवलं का? वयाच्या अटीचं काय झालं ते कळव.

हनुमंतमामा


मुंबई
२७ मार्च

मामा,

झालं. काल वरच्या सभागृहातही मंजूर झालं.

आम्हाला अधिकाऱ्यांच्या गॅलरीत बसायला मिळतं, कुणी काही विचारलं तर चिठ्ठी पाठवायला. एरवी मी तिथं पेंगते. काल मसुद्याची पानं मांडीवर धरून ताठ बसले होते. कमाल वयाची अट गेली. धावणं गेलं. राखणीच्या व्याख्येत मी एक ओळ घातली होती, की 'बंद घर वसते आहे असे दिसेल अशी व्यवस्था ठेवणे' हेही राखणीचं काम मानलं जाईल. ती ओळ वाचली गेली तेव्हा कुणीतरी हसलं. मॅडमनी चिठ्ठी पाठवली. मंत्र्यांनी त्या चिठ्ठीवरून कासवाची, गायीच्या पावलांची हकीकत सांगितली. मग हसणारे गप्प झाले. मग सभापतींनी विचारलं, अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे.

आणि ते 'होय' आलं, मामा. दोन्ही बाजूंनी एकदम आलं. जिनं मला न्हाऊ घातलं त्या बाईचं सकाळचं काम त्या एका शब्दात राज्याचा कायदा झालं. मी रडले. शेजारच्या कक्ष अधिकाऱ्यानं सर्दीची गोळी दिली.

राज्यपालांची सही झाली की नावनोंदणी सुरू होईल. एक लक्षात ठेवा, कायद्याला घराचं नाव चालत नाही, माणसाचंच लागतं. तेव्हा ज्या पाळी करतात त्यांचीच नावं लावा. आणि पहिलं नाव कुणाचं ते मी सांगायला नको.

जया


हिवरदरा
९ जून

जया,

काल ग्रामपंचायतीत नावनोंदणी झाली. तालुक्याहून एक कारकून आला होता, मोनिका नावाची मुलगी, फार समजूतदार. टोळ्या परत आलेल्या, गाव भरलेलं. सकाळी बघतो तर चौतीसच्या चौतीस बाप्ये रांगेत! वहीत नावं त्यांची ना. कल्याण सगळ्यांत पुढं, भांग पाडून. बायडाबाई आली, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "दिवाळीनंतर कुटं असनार रे तुमी?" रांग हसत हसत मोडली. कल्याणनं स्वतः आईला धरून टेबलाशी नेलं. सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या, त्या मलाही ऐकू आल्या.

मोनिकानं नाव लिहिलं, वय लिहिलं, पत्ता लिहिला. मग रकाना नऊ. 'अर्जदाराविरुद्ध कोणताही फौजदारी खटला प्रलंबित आहे काय?' असेल तर नाव लागत नाही, असं कायद्याचं नववं कलम आहे म्हणे.

पोरीनं पेन थांबवलं. तिला कुणीतरी आधीच सांगितलं असावं. ती हळूच काही बोलली, मला ऐकू आलं नाही, कल्याणनं नंतर सांगितलं. म्हणाली, "आजी, मी 'नाही' लिहिते. कोण बघायला येतंय?"

बायडाबाई म्हणाली, "खोटं लिवून राखनदार व्हऊ का?"

हे मात्र मला ऐकू आलं. ती जोरात बोलली म्हणून की सगळं गाव चिडीचूप होतं म्हणून, सांगता येत नाही. मोनिका उभी राहिली. तिच्यानं खाली बसवेना. बायडाबाईनंच तिला खांद्याला धरून खाली बसवलं, आपला कागद उचलून बाजूला ठेवला आणि मागं वळून कडूबाईला हाक मारली. नंतर दोन तास ती टेबलाशेजारी उभी होती. बायका येऊन नवऱ्याचं नाव सांगायच्या, मुलाचं सांगायच्या, आणि ही म्हणायची, "त्येचं नगं, तुजं सांग." गोजरबाईला स्वतःचं वडिलांकडचं नाव आठवेना, ते हिनं सांगितलं. तेहतीस नावं लागली. माझंही त्यात आहे. ओळखपत्र येईल तेव्हा मी ते कुठल्या तोंडानं गळ्यात घालणार आहे, मला माहीत नाही.

मी चौतीस वर्षं पोस्टात काढली. कलेक्टर पाहिले, मंत्री पाहिले. काल त्या बाईकडे बघताना मला पहिल्यांदा टोपी काढावीशी वाटली, आणि काढली.

जया, मला एकच सांग. ते नववं कलम कुणी लिहिलं?

हनुमंतमामा


मुंबई
१४ जून

मामा,

मी लिहिलं.

प्रत्येक कायद्यात असतं म्हणून जुन्या कायद्यातून जसंच्या तसं उतरवलं. 'किंवा'साठी अडीच तास भांडणारे आम्ही चौघं, ह्या कलमावर कुणी दोन मिनिटं थांबलो नाही. चौदा घरांच्या दारांतून फिरून आले, तिच्या केसचा कागद स्वतःच्या हातानं चाळला, आणि तरीही मला ते दिसलं नाही. गेले दोन दिवस माझ्याच्यानं ऑफिसात कुणाकडे मान वर करून बघवत नाही.

दुरुस्तीचा मसुदा काल केला. राखण करताना घडलेल्या गोष्टीवरून खटला असेल तर त्यावरून नाव नाकारायचं नाही, एवढीच ओळ. मॅडम म्हणाल्या, लगेच वर पाठवा. मी म्हटलं, दोन दिवस द्या.

रविवारी पहिल्या एसटीनं येतेय. ती ओळ मी आधी बायडाबाईला वाचून दाखवणार आहे. तिनं बरोबर आहे म्हटलं तरच पाठवीन.

जया